कीडाजडी: मोठ्यांसाठी थोडं स्पष्ट बोलणं

आजचा विषय मोठ्यांचा आहे. गाडीत मागच्या सीटवर मुलं बसली असतील तर हा भाग रात्री ऐका. आपल्याकडे या विषयावर एकतर विनोद होतात, नाहीतर कुजबुज. आज दोन्ही टाळून बोलूया.

रॅफल्स प्लेसला ज्यांचं ऑफिस आहे ते जेवणाच्या सुट्टीत कधीतरी चालत साउथ ब्रिज रोडपर्यंत गेले असतीलच. मारिअम्मनचं देऊळ आहे तोच रस्ता. तिथे चिनी औषधांची दुकानं आहेत. मलायातल्या गोपेंगला १८७९ साली सुरू झालेल्या यू यान सांग या पेढीने याच रस्त्यावर १९१० मध्ये आपलं दुकान थाटलं. अशा दुकानांत लाल दोऱ्याने बांधलेल्या पिवळट-तपकिरी काड्यांच्या जुड्या दिसतात. जवळून पाहिलं तर काडीच्या खालच्या अर्ध्या भागाला पाय असतात. भाव वाचला की वाटतं, दशांश चिन्ह चुकलंय.

हीच ती कीडाजडी. उत्तराखंडात पिथोरागढ-चमोलीकडे हिला याच नावाने ओळखतात. तिबेटी लोक यारचा गुन्बू म्हणतात आणि चिनी लोक दोंग चोंग शिया चाओ. दोन्ही नावांचा अर्थ जवळपास एकच: हिवाळ्यात किडा, उन्हाळ्यात गवत. पूर्वी लोकांना खरंच वाटायचं की एकच जीव ऋतूप्रमाणे रूप बदलतो. प्रत्यक्षात ही एक बुरशी आहे, ऑफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस. तीन ते पाच हजार मीटर उंचीवरच्या कुरणांत जमिनीखाली एका पतंगाच्या अळ्या गवताची मुळं खात राहतात. बुरशी अळीच्या अंगात शिरते, तिला आतून पोखरून मारते आणि तिच्या कातडीत स्वतःचं जाळं ठासून भरते. बर्फ वितळलं की अळीच्या डोक्यातून काडीसारखा कोंब जमिनीवर येतो. म्हणजे खाणारा अळंबीबरोबर अळीचं सुकलेलं कातडंही खातो. शाकाहारी मंडळींनी नोंद घ्यावी.

मे-जूनमध्ये गावंच्या गावं डोंगरावर चढतात, पोटावर सरपटत एकेक कोंब शोधतात. त्यावर मारामाऱ्या होतात. नेपाळमधल्या मनांग जिल्ह्यात २००९ साली बाहेरून कीडाजडी काढायला आलेल्या सात जणांना गावकऱ्यांनी मारून टाकलं होतं. २०२० मध्ये निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आययूसीएनने, या बुरशीला संकटग्रस्त यादीत टाकलं.

आता मुद्द्याकडे. चिनी वैद्यकात ही फुप्फुस आणि मूत्रपिंड या दोन्हींसाठी मानली जाते. तिथे मूत्रपिंड म्हणजे फक्त लघवी गाळणारा अवयव नव्हे. जन्मजात जोम, वीर्य, हाडं, कंबर हे सगळं त्या खात्यात मोडतं. आपल्या आयुर्वेदातल्या शुक्रधातू आणि वाजीकरणाशी याचं नातं लगेच लक्षात येईल. म्हणूनच आपल्या माणसाला ही कल्पना परकी वाटत नाही. ज्याच्या घरी अश्वगंधा, शिलाजीत, सफेद मुसळी यांची नावं कानावर पडलेली असतात, तो कीडाजडीवर पटकन विश्वास ठेवतो.

जगभर तिची हवा झाली ती १९९३ मध्ये. वांग जुनशिया या धावपटूने बीजिंगमध्ये दहा हजार मीटरचा जागतिक विक्रम तब्बल ४२ सेकंदांनी मोडला. तिचे प्रशिक्षक मा जुनरेन यांनी श्रेय दिलं कीडाजडीला आणि कासवाच्या रक्ताला. २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या तोंडावर रक्ततपासणीनंतर मा यांच्या बहुतेक धावपटूंना चीननेच वगळलं, ही बातमी मात्र तेवढी पसरली नाही. मार्केटिंगमध्ये असंच असतं. पहिली बातमी विकली जाते, दुसरी कुणी वाचत नाही.

मग उपयोग होतो का? उंदरांवर, पेशींवर प्रयोग झालेत, काहींत टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसलं. माणसांमध्ये लैंगिक तक्रारीसाठी मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्या नाहीत. शिवाय ज्या कॅप्सूल आपण घेतो त्यांत बहुतेक वेळा हिमालयातली कीडाजडी नसतेच. तिची चुलतबहीण कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस असते. ती नारिंगी रंगाची, तांदळावर लॅबमध्ये वाढवलेली. ती वाईट म्हणून नव्हे, पण डबीवर बर्फाच्छादित शिखर छापण्याइतकी तिची पुण्याई नाही. आणि खऱ्या मालाचं म्हणाल तर २०१६ मध्ये चीनच्याच औषध प्रशासनाने सांगितलं की कीडाजडीच्या काही नमुन्यांत आर्सेनिक ठरलेल्या मर्यादेच्या कितीतरी पट जास्त निघालं.

पण मंडळी, आर्सेनिक आणि खिसा रिकामा होणं ही लहान भीती. मोठी वेगळी आहे, आणि ती इथे सिंगापुरातच घडून गेली आहे.

२००८ च्या जानेवारी ते मे या काळात इथल्या सरकारी रुग्णालयांत एकामागून एक पुरुष दाखल व्हायला लागले. मधुमेह नाही, तरी साखर धोकादायक खाली. पाच महिन्यांत १५० रुग्ण, एक सोडला तर सगळे पुरुष. त्यांतल्या १२७ जणांच्या रक्तात सिल्डेनाफिल आणि ग्लायबेनक्लामाइड ही दोन्ही औषधं सापडली. सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रातलं औषध. ग्लायबेनक्लामाइड तुमच्या ओळखीचं असेल, बाबांच्या गोळ्यांच्या डबीतली डाओनिल. या लोकांनी घेतलेल्या गोळ्या चोरट्या बाजारातल्या, लैंगिक शक्तीच्या नावाखाली विकलेल्या होत्या. चार नावं पुढे आली. एक नकली सिआलिस आणि बाकी तीन स्वतःला वनौषधी म्हणवणारी. डाओनिलची नेहमीची गोळी अडीच किंवा पाच मिलिग्रॅमची असते. या मालात १३ पासून १०० मिलिग्रॅमपर्यंत निघालं. सात जण कोमात गेले, त्यांतले चार वारले. कुणी मुद्दाम घातलं की कारखान्यात मिसळलं, त्या चार घरांना काय फरक पडतो?

त्यांनी डॉक्टरकडे न जाता ती गोळी का घेतली असेल, हे आपल्याला समजतं. लाज. आणि ‘नॅचरल आहे, अपाय काय होणार’ हा विश्वास. माझ्या धंद्यात कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेताना आम्ही पन्नास प्रश्न विचारतो. तोच माणूस कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकवरून पोटात घ्यायची गोळी मागवतो!

अमेरिकेतल्या श्रोत्यांनी हा प्रकार सिंगापूरपुरता समजू नये. तिथली एफडीएसुद्धा ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या अशा गोळ्यांत लपवलेलं सिल्डेनाफिल वर्षानुवर्षे पकडते आहे. ज्यांना हृदयविकारासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवावी लागते, त्यांनी न कळत सिल्डेनाफिल घेतलं तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव जाईल.

तेव्हा चाळिशी-पन्नाशीत तक्रार सुरू झाली तर आधी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. त्या जागच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चोंदायला लागल्या की बारीक वाहिनी आधी बोलते. कित्येकांना हृदयाच्या आजाराची पहिली सूचना इथूनच, दोन-चार वर्षं आधी मिळते. ती सूचना महागड्या काड्यांच्या सूपमध्ये बुडवून टाकू नका. आणि वहिनी, तुम्ही ऐकत असाल तर डॉक्टरांची वेळ तुम्हीच घेऊन टाका. ‘वार्षिक तपासणी’ म्हटलं की निमूटपणे येतील.

चिनी वैद्यकावर श्रद्धा असेल तर इथे त्यालाही सरळ रस्ता आहे. २००० सालच्या कायद्यानुसार चिनी वैद्यांची नोंदणी होते, आणि तयार चिनी औषधांची नोंद हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीकडे असावी लागते. ती त्यांच्या संकेतस्थळावर शोधता येते. सिंगापुरात अशा औषधांची नपुंसकत्वावरचा उपाय म्हणून जाहिरात करायला मनाई आहे. म्हणजे डबीवर तसं ठळक लिहिलं असेल, तर तेवढ्यावरूनच ती परत ठेवा. सूपात कीडाजडी घातलीच, तर रक्त पातळ करणाऱ्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असल्याचं वैद्याला सांगा, आणि कीडाजडीचं डॉक्टरांना.

आणि कुणी अशी अनोळखी गोळी घेतली आहे, दरदरून घाम फुटलाय, हातपाय थरथरताहेत, बोलणं असंबद्ध झालंय, तर झोपू देऊ नका. शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्या, ९९५ ला फोन लावा, आणि ती डबी किंवा उरलेली गोळी अँब्युलन्समध्ये बरोबर घ्या. काय घेतलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नुसती साखर चढवून घरी पाठवलं तर काही तासांनी ती परत उतरते.