पाणी दळतं कसं?

पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या भीमकुंडाच्या धबधब्यापाशी उभं राहिलं, की घोळक्यातलं कुणीतरी म्हणतंच, "एवढं पाणी फुकट चाललंय, यावर चक्की चालली असती!" चालली असती, पण पावसाळा सरेपर्यंत. इथे कड्याची उंची मुबलक, पण धार बारमाही नाही. आणि रोजच्या दळणाला रोजची धार लागते.

हिशेब साधा आहे. सेकंदाला २० लिटर पाणी ६ मीटरवरून पडलं, तर त्यात सुमारे १,१७५ वॅट शक्ती असते. जुन्या धाटणीच्या चाकात निम्मी वाया गेली असं धरलं, तरी सहाशेच्या आसपास उरते, म्हणजे स्वयंपाकघरातल्या मिक्सरएवढी. थोडकीच वाटते, पण जात्यावर बसलेला माणूस सलग काम करताना जेमतेम ७५ वॅट देतो. म्हणजे आठ जणांचं काम, तेही न दमता.

ही धार रोज आठ तास, पावसाळ्याबाहेरचे आठ महिने चालवायची, तर सुमारे १४ कोटी लिटर पाणी साठवावं लागेल. हेक्टरभर पसरलेला आणि १४ मीटर खोल तलाव! चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावरचे देवतलाव, मच्छीतलाव पाहिले की डोंगरमाथ्यावर पाणी अडवण्याची हिकमत कळते. पण प्यायला, वापरायला साठवणं वेगळं आणि चाकावर ओतून देणं वेगळं.

औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) पाणचक्कीने रोजच्या धारेचा हा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. खाम नदीकाठची, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की १८व्या शतकातली. १७४४ हे साल सहसा सांगितलं जातं. फकीर आणि यात्रेकरू यांच्यासाठी इथे दळण होई. तिचं पाणी शेजारच्या खामचं नाही. ते हर्सूलच्या बाजूने, काही किलोमीटरवरून, जमिनीखालच्या नहरीने येतं. पाहायला येणारे बहुतेक जण भिंतीवरून कोसळणाऱ्या पाण्याचा फोटो काढून परततात. माझ्या मते खरी कारागिरी त्या मागच्या नहरीत आहे.

नहर ज्या ठिकाणाहून निघते ते चक्कीपेक्षा उंच, म्हणून बंद नळातलं पाणी वाटेतला सखल भाग ओलांडून पुन्हा वर चढतं. नळात हवा अडकली तर प्रवाह अडतो. म्हणून अशा नहरींवर जागोजागी विटा-चुन्याचे उभे मनोरे बांधत. त्यांतून हवा निसटते, दाब सावरतो.

आता चाक. ते उभं नसतं, जमिनीला समांतर आडवं असतं. वरून आलेली धार त्याच्या पात्यांवर आदळते आणि चाकाच्या मधोमध उभा असलेला दांडा फिरतो. हा दांडा खालच्या तळीच्या भोकातून वर येऊन वरच्या तळीला धरतो. खालची तळी स्थिर, वरची फिरती, घरच्या जात्यासारखीच. फक्त खुंटा धरणारा हात तळघरात गेलेला. मध्ये दातेरी चाकं नाहीत, त्यामुळे चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा.

हिमालयातल्या घराटांमध्ये, म्हणजे याच जातीच्या पाणचक्क्यांमध्ये, दाणे पाडण्याची युक्ती पाहण्यासारखी असते. दाण्यांच्या टोपलीला बांधलेली काटकी फिरत्या तळीवर टेकलेली असते. तळी खडखडली की टोपली हलते आणि चार दाणे पडतात. पाणी मंदावलं तर तळी मंदावते, दाणेही कमी पडतात. कुणी पहारा द्यायला नको. पीठ जाड-बारीक हवं असेल तर दांड्याखालची आडवी तुळई किंचित उचलायची किंवा खाली घ्यायची, दोन तळ्यांतली फट बदलते.

तेव्हा एखाद्या ओढ्याकाठी पडकं बांधकाम दिसलं आणि चक्कीची शंका आली, तर आधी तळघर शोधा: पाणी आत येण्याचं उंचावरचं तोंड आणि बाहेर जाण्याची सखल वाट, दोन्ही हवीत. मग वरची तळी उलटून पाहा. मधल्या भोकाशी लोखंडी पट्टी बसवायची खाच असेल आणि कडेला खुंट्याचं भोक नसेल, तर ती हाताने फिरणारी नव्हे. टाकीचे घाव बोथट झाले असतील तर तिने पुष्कळ दळलं आहे. ताजे, टोकदार असतील तर टाकी लावून झाल्यावर ती फारशी फिरलेलीच नाही.