यकृत्-मेदोवृद्धी आणि कुटकी : अर्काआधी द्रव्याची ओळख

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ अशी नोंद घेऊन येणारा रुग्ण आज प्रत्येक वैद्याच्या परिचयाचा झाला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. आयुर्वेददृष्ट्या हा संतर्पणोत्थ विकार मानणे युक्त ठरते. प्रमेह व अतिस्थौल्य यांची गणना चरकाचार्यांनी याच वर्गात केली असून आपले बहुतेक रुग्ण याच दोन व्याधींच्या वाटेवर असतात.

शास्त्राधार

चरकोक्त लेखनीय महाकषायात कटुरोहिणी अर्थात कुटकी आहे. तिक्त रस, लघु-रूक्ष गुण व भेदन कर्म यांमुळे कफ-मेदाच्या संचयावर तिची योजना सयुक्तिक ठरते. आरोग्यवर्धिनीत अन्य सर्व घटकांच्या एकत्रित वजनाइतकी कुटकी असते, हेही लक्षणीय आहे.

अर्क व पुरावा

लखनौच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेने कुटकीपासून ‘पिक्रोलिव्ह’ हा प्रमाणित अंश विकसित केला. अतिस्निग्ध आहार दिलेल्या उंदरांत कुटकीच्या अर्काने यकृतातील मेद घटल्याचेही आढळले आहे. तथापि प्राण्यांवरील निष्कर्ष म्हणजे रुग्णांवरील सिद्धी नव्हे. शरीरभार ७ ते १० टक्के घटविल्यास यकृतातील मेद व शोथ कमी होतो, हे मात्र रुग्णांतच दिसून आले आहे. म्हणून निदानपरिवर्जन, लंघन व व्यायाम हीच मुख्य चिकित्सा. कुटकी तिची सहायक. चूर्णाची १ ते ३ ग्रॅम ही मात्रा रुग्णाचा कोष्ठ पाहूनच ठरवावी.

द्रव्याची खात्री

कुटकी हिमालयाच्या उंच भागात उगवते. औषधात मूळ व भूमिगत खोड वापरावयाचे असल्याने बहुधा सबंध रोपच उपटले जाते. १९९७ पासून ती ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. दुर्मीळ द्रव्य महागते आणि महागलेल्या द्रव्यात भेसळ शिरते. केवळ कडू चवीवर विसंबणे योग्य नाही. किराईतही कडूच असते. औषधविक्रेत्यांनी पिक्रोसाइड-१ व २ यांच्या प्रमाणाचा तपासणी-अहवाल, बॅच क्रमांक आणि लागवडीच्या मालाचा दाखला पुरवठादाराकडे मागावा.

२०२१ मध्ये मुंबईतील यकृत्तज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर गुळवेलीच्या भिन्न जातींतील भेदाकडे लक्ष वेधले. त्या वादाचा निर्णय काहीही असो, द्रव्याची ओळख नोंदलेली नसेल तर औषधाचा दोष मान्य करणे वा नाकारणे, दोन्ही आपल्या हाती उरत नाही.

आमची सूचना इतकीच की चिकित्सेच्या आरंभी व तीन महिन्यांनी रुग्णाचे वजन, कटिपरिघ आणि एस.जी.पी.टी. नोंदवावे, त्याच कागदावर औषधाची मात्रा व बॅच क्रमांक लिहावा. एस.जी.पी.टी. वाढत असल्यास औषध तत्काळ थांबवून यकृत्तज्ज्ञांचे मत घ्यावे. अशा शंभर नोंदी एकत्र आल्या, तर कुटकीविषयी आपण जे बोलतो त्याला प्रत्यक्ष रुग्णांचा आधार लाभेल.