चौथ्याच चालीला तुटलेली टाचेची शीर: अकिलीस कंडरा फाटते तेव्हा काय होतं आणि काय करायचं

अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलचा हंगाम दर वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होतो. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, हेल्मेट आणि एकमेकांवर आदळणारी धिप्पाड माणसं, असा तो खेळ. २०२३ च्या पहिल्या आठवड्यातला शेवटचा सामना सोमवारी, ११ सप्टेंबरला रात्री न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर झाला. न्यूयॉर्क जेट्स विरुद्ध बफेलो बिल्स. ॲरन रॉजर्स हा नामांकित क्वार्टरबॅक नुकताच जेट्समध्ये आला होता. वय ३९. सगळ्या शहराच्या आशा त्याच्यावर होत्या.

नव्या संघाकडून खेळताना चौथ्याच चालीला प्रतिस्पर्ध्याने त्याला पकडून खाली पाडलं. तो उठून उभा राहिला, क्षणभर थांबला आणि पुन्हा मैदानावर बसला. ना रक्त, ना वेडावाकडा झालेला पाय. संथ गतीतल्या चित्रीकरणात मात्र त्याच्या डाव्या पोटरीत आतून काहीतरी सुटल्यासारखी लहर उमटताना दिसते. दुसऱ्या दिवशी एमआरआयने शिक्कामोर्तब केलं, अकिलीस कंडरा पूर्ण तुटली होती. त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, बाल्टिमोर रेव्हन्सचा २४ वर्षांचा जे. के. डॉबिन्स याचीही हीच कंडरा फाटली होती.

त्या आठवड्यात अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांचे मला दोन फोन आले. दोघांचा प्रश्न एकच होता: "कुणी जोरात मारलंही नाही, मग एवढी मोठी शीर तुटली कशी?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कुठल्याही गृहसंकुलाच्या बॅडमिंटन कोर्टवर खेळणाऱ्यालाही तितकंच लागू पडतं.

ही शीर म्हणजे नेमकं काय?

टाचेच्या मागे, घोट्याच्या वर बोटांच्या चिमटीत धरता येते ती जाड दोरी म्हणजे अकिलीस कंडरा. गावाकडची जुनी माणसं तिला घोडशीर म्हणतात. मराठीत रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि कंडरा या तिन्हींना आपण सरसकट 'शीर' म्हणतो आणि त्यातून गोंधळ होतो. "शीर तुटली" म्हटल्यावर रक्तस्राव होईल, पाय लुळा पडेल, असं घरच्यांना वाटतं. तसं नसतं. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येऊन या एका पट्ट्यात मिसळतात आणि तो टाचेच्या हाडाला जोडलेला असतो. चवड्यावर उभं राहणं, जिना चढणं, धावताना पाऊल मागे रेटणं, ही कामं मुख्यतः तीच करते.

ही शरीरातली सर्वांत जाड आणि मजबूत कंडरा. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येऊ शकतो. मग ती तुटते का? टाचेच्या दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या भागात तिचा रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो. तिथे वर्षानुवर्षं झालेली बारीक झीज नीट भरून येत नाही. तिशीनंतर तंतूंची लवचिकताही कमी होत जाते. बहुतेकांना याचा पत्ताही नसतो, कारण झीज दुखतेच असं नाही. मग एके दिवशी पाय जमिनीवर रोवलेला असतो, गुडघा सरळ होत असतो, पोटरी पूर्ण जोर लावत असते आणि त्याच क्षणी टाच खाली ताणली जाते. त्या एका झटक्यात झिजलेली दोरी तुटते. बाहेरचा मार लागावाच लागतो असं नाही.

हंगामाच्या सुरुवातीलाच का?

रॉजर्सच्या पोटरीला त्याच वर्षी मे महिन्यात सरावात दुखापत झाली होती. तिचा सप्टेंबरच्या घटनेशी संबंध होता का, हे बाहेरून कुणीही ठामपणे सांगू नये. कृत्रिम हिरवळीवरूनही बराच वाद झाला आणि खेळाडूंच्या संघटनेने सगळीकडे खरं गवत हवं ही मागणी पुन्हा लावून धरली. पण डॉक्टर म्हणून मला २०११ चं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. त्या वर्षी मालक आणि खेळाडू यांच्यातल्या भांडणामुळे मार्चपासून जुलैच्या अखेरपर्यंत खेळाडूंना संघाच्या सुविधा आणि प्रशिक्षक यांच्यापासून दूर राहावं लागलं. तंटा मिटला आणि सराव एकदम पूर्ण जोरात सुरू झाला. पहिल्या १२ दिवसांत दहा खेळाडूंच्या अकिलीस कंडरेला दुखापत झाली, पुढच्या १७ दिवसांत आणखी दोघांच्या. मैदानं तीच, माणसंही तीच. मध्ये खंड पडला होता आणि त्यानंतरची सुरुवात सावकाश झाली नव्हती.

स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतो. कंडरा त्याहून कितीतरी सावकाश जुळवून घेते. त्यामुळे "मला जमतंय, दमही लागत नाही" असं वाटत असताना टाचेमागची दोरी अजून तयार नसते.

आपल्याकडचा हंगाम वेगळा, गोष्ट तीच. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी सकाळी बॉक्स क्रिकेट. प्रजासत्ताक दिनाला सोसायटीच्या स्पर्धेत वडिलांची धावण्याची शर्यत. नवरात्रात नऊ रात्री अनवाणी गरबा. माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण ३० ते ५० वयाचे पुरुष असतात आणि "डॉक्टर, मी तर आता कुठे व्यायाम सुरू केला होता" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ झालंय.

कसं ओळखायचं?

पुढचं वाक्य हे: "मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटलं, वळून पाहिलं तर कुणीच नव्हतं." काहींना फटकन आवाज येतो. काहींना दगड लागल्यासारखं वाटतं. हे वर्णन ऐकलं की तपासणीआधीच निम्मं निदान झालेलं असतं.

फसवणूक यापुढे होते. पहिली कळ काही मिनिटांत ओसरते आणि रुग्ण लंगडत का होईना चालू शकतो. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट याने एप्रिल २०१३ मध्ये अकिलीस तुटल्यावर मैदान सोडण्यापूर्वी दोन फ्री थ्रो टाकले होते, दोन्ही अचूक. पाऊल खालीवरही करता येतं, कारण घोट्याच्या आजूबाजूच्या इतर लहान कंडरा शाबूत असतात. एक्स-रे काढला तर तो 'नॉर्मल' येतो, कारण एक्स-रेत हाड दिसतं, कंडरा दिसत नाही. मग 'मुरगळलंय' असा शिक्का बसतो, क्रेप बँडेज बांधलं जातं आणि घरी तेल चोळणं सुरू होतं.

असा एक रुग्ण माझ्या चांगला लक्षात आहे. वय ४२, बॅडमिंटन खेळताना दुखापत. तीन आठवडे रोज गरम तेलाने मालिश करून तो आला तेव्हा तुटलेली दोन टोकं एकमेकांपासून दूर सरकली होती. पहिल्या दोन दिवसांत आला असता तर कदाचित शस्त्रक्रियेशिवाय भागलं असतं.

डॉक्टरांची तपासणी साधी असते. रुग्णाला पालथं झोपवून पावलं टेबलाच्या कडेबाहेर ठेवायची आणि पोटरी हाताने दाबायची. कंडरा शाबूत असेल तर पाऊल आपोआप खालच्या दिशेला हलतं, तुटलेली असेल तर हलत नाही. बोटाने चाचपल्यावर टाचेच्या वर खळगा लागतो. शंका असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय. घरी ही तपासणी करत बसू नका आणि 'एका पायाच्या चवड्यावर उभं राहून बघ' असा आग्रह तर मुळीच धरू नका.

पहिल्या तासात काय करायचं?

पाय जमिनीवर टेकवू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा. पाऊल सैल, बोटं खालच्या दिशेला राहतील असं ठेवा, म्हणजे तुटलेली टोकं जवळ राहतात. मालिश नको, शेक नको, 'शीर बसवणाऱ्या'कडे तर अजिबात नको. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

शस्त्रक्रिया करावीच लागते का?

रॉजर्सची शस्त्रक्रिया दोन दिवसांत झाली. त्यामुळे ऑपरेशन हाच एकमेव मार्ग, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. नॉर्वेत पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलेल्या अभ्यासात तीन गट होते: नेहमीची शस्त्रक्रिया, छोट्या छेदाची शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेशिवाय उपचार. एका वर्षानंतर पाय किती कामाचा आहे यात तिन्ही गटांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. फरक होता तो धोक्यांत. शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी ६.२ टक्के रुग्णांची कंडरा पुन्हा तुटली, तर दोन्ही शस्त्रक्रियांच्या गटांत हे प्रमाण ०.६ टक्के होतं. उलट मज्जातंतूला इजा होण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेत जास्त होतं, विशेषतः छोट्या छेदाच्या.

शस्त्रक्रियेशिवाय म्हणजे उपचाराशिवाय नव्हे. लगेच, शक्यतो पहिल्या काही दिवसांतच, बोटं खाली वळवलेल्या अवस्थेत प्लास्टर किंवा खास बूट घालावा लागतो. त्यात टाचेखाली पाचरी असतात आणि त्या आठवड्यागणिक एकेक करून काढतात. मधुमेह नीट आटोक्यात नसेल किंवा धूम्रपान असेल, तर टाचेमागची जखम चिघळण्याची भीती असते. अशांना मी बहुधा हाच मार्ग सुचवतो. खेळाडू, उंचीवर किंवा अंगमेहनतीचं काम करणारे आणि उशिरा आलेले रुग्ण यांच्यात शस्त्रक्रियेकडे कल जास्त असतो. निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून घ्यायचा आहे. "रॉजर्सने काय केलं" हा त्यातला मुद्दा नाही.

मार्ग कोणताही असो, पाय बुटात असताना एका गोष्टीवर घरच्यांनी लक्ष ठेवावं. पोटरी अचानक सुजली, दुखरी आणि गरम झाली तर रक्ताची गुठळी झालेली असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखलं तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या.

बरं व्हायला किती वेळ?

साधारण आठ ते दहा आठवडे बूट. उजवा पाय असेल तर तोपर्यंत गाडी चालवणं बंद. बसून करायचं काम काही आठवड्यांत सुरू करता येतं. हलकं धावणं चार ते सहा महिन्यांनी, खेळ नऊ ते बारा महिन्यांनी. रॉजर्स अकरा आठवड्यांत सरावाला उतरला याच्या बातम्या झाल्या आणि मग रुग्ण विचारू लागले, "मग मला का नाही?" तो त्या हंगामात पुन्हा एकही सामना खेळला नाही, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्याचा पुढचा सामना ९ सप्टेंबर २०२४ ला झाला, म्हणजे जवळजवळ एक वर्षाने. डॉबिन्सही त्याच आठवड्यात, नव्या संघाकडून, परतला. जगातले उत्तम फिजिओथेरपिस्ट दिमतीला असताना ही मुदत, मग आपण घाई कशाला करायची?

घाईत कंडरा पुन्हा तुटण्याबरोबर आणखी एक धोका असतो, तो म्हणजे ती लांब होऊन जुळणं. सैल दोरीने जोर लागत नाही आणि चालताना पाय कायमचा कमजोर राहतो. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत टाचेमागे ताण देणारे व्यायाम स्वतःच्या मनाने करू नका. आपल्या घरांत याचा सरळ अर्थ असा: उकिडवं बसणं बंद आणि भारतीय पद्धतीचा संडास बंद. कमोड नसेल तर संडासात ठेवायची खुर्ची औषधांच्या दुकानात मिळते, ती आणा. बूट निघाल्यावर काही आठवडे घरातही अनवाणी न फिरता टाच थोडी उंच असलेली चप्पल वापरा.

एका औषधाबद्दल

सिप्रोफ्लोक्सासिन, लेव्होफ्लोक्सासिन, ओफ्लोक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक्समुळे कंडरा कमजोर होऊन फाटू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ पासून यावर ठळक इशारा छापायला लावला आहे. साठीच्या पुढे आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. जुलाब झाले की दुकानातून याच गोळ्या आणून घेणारी घरं मला रोज भेटतात. डॉक्टरांनी कारण असून दिल्या असतील तर भिऊ नका, पण घेत असताना किंवा नंतरच्या काही आठवड्यांत टाचेमागे दुखू लागलं तर व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांना कळवा.

पुन्हा मैदानात उतरताना

बऱ्याच महिन्यांनी खेळायला जाणार असाल तर आधीचे सहा-आठ आठवडे पोटरीची तयारी करा. भिंतीला हात टेकून चवड्यांवर वर-खाली व्हा, आधी दोन्ही पायांवर, जमलं की एकेका पायावर. पहिल्या रविवारी अर्धा तासच खेळा, झटक्याने पुढे झेपावणं टाळा आणि दोन खेळांत एक दिवस मोकळा ठेवा. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं टाचेमागे आखडल्यासारखी पडत असतील, चिमटीत धरल्यावर तिथे गाठ किंवा जाडसरपणा लागत असेल, तर खेळायला जाण्याआधी तपासून घ्या. स्टेरॉइडचं इंजेक्शन थेट त्या कंडरेत घ्यायला कुणी सुचवलं, तर आधी दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या.