बोलणं आणि लिहिणं : मुलांना दोन्ही यायला हवं



"आमचं पोरगं बोलायला लई हुशार, पण लिही म्हटलं की दोन ओळींत गाडी थांबते." पालकसभेत हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. यात आळस क्वचितच असतो. बोलणं आणि लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत, हेच मुलाला कुणी उलगडून सांगितलेलं नसतं.

बोलताना ऐकणारा समोर असतो. "त्यानं ते तिकडं ठेवलं," असं बोट दाखवून म्हटलं की भागतं. नाही कळलं तर समोरचा लगेच विचारतो. हेच वाक्य कागदावर आलं की वाचणारा अडतो. त्यानं म्हणजे कोणी? ते म्हणजे काय? तिकडं म्हणजे कुठं? म्हणून लिहावं लागतं, "दादानं विळा गोठ्यात ठेवला." वाचणाऱ्याच्या मनातले प्रश्न आधीच ओळखून उत्तर देणं, हेच लेखन.

आवाजाचं कामही कागदावर चिन्हांना करावं लागतं. "तू आलास.", "तू आलास?", "तू आलास!" शब्द तेच, अर्थ तीन.

मग श्रेष्ठ कोण? आपल्या जिल्ह्याचं नावच बघा. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून 'उस्मानाबाद' कागदावर आलं. सातबारा, शाळेचा दाखला, सगळीकडं तेच. पण 'धाराशिव' लोकांच्या बोलण्यात टिकून राहिलं, आणि २०२३ साली ते सरकारी कागदावरही आलं. बोललेला शब्द कच्चा नसतो, हे यावरून कळतं.

पण कागदाचीही ताकद आहे. ग्रामसभेत कितीही पोटतिडकीनं बोललं, तरी पुढं दाखवायला उपयोगी पडतो तो इतिवृत्तात लिहिलेला ठराव. उन्हाळ्यात टँकर हवा असेल तर तोंडी गाऱ्हाण्याबरोबर अर्जही लागतो. ज्याला लिहिता येत नाही, त्याला आपलं म्हणणं दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यावं लागतं.

वर्गात करून बघा :

१. मुलाला हात पाठीमागं बांधून घरापासून शाळेपर्यंतची वाट सांगायला लावा. "इकडून, तिकडून" चालणार नाही. मारुतीचं देऊळ, हापसा, चिंचेचं झाड अशी नावं आपोआप येतील.

२. तीच वाट त्याला लिहू द्या. ते लेखन दुसऱ्या मुलाला वाचायला देऊन नकाशा काढायला सांगा. लिहिणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. नकाशा जिथं चुकेल, तिथं वाक्य दुरुस्त करायचं.

३. मूल बोलत असताना 'कवा', 'लई' अशा शब्दांवर टोकू नका. टोकलं की ते गप्प होतं, आणि गप्प झालेल्या मुलाकडं लिहायलाही काही उरत नाही. आधी पूर्ण सांगू द्या. मग म्हणा, "घरी आपण 'कवा' म्हणतो, पुस्तकात 'केव्हा' लिहितात. दोन्ही आपलेच शब्द."

पालकांनीही रोज पाच मिनिटं द्यावीत. "आज शाळेत काय झालं?" एवढं विचारा, मध्ये न तोडता ऐका. मग म्हणा, "हे मामाला चिठ्ठीत लिही बरं." मामा त्या दिवशी शाळेत नव्हता, त्यामुळं सगळं नीट सांगावं लागेल. मुलाचं लेखन तिथूनच सुरू होईल.