निरवांगीचा फायरवॉल आणि आठ बाइट

हॉस्टेलवर नेट म्हणजे काय, तर बंद पडलं की शिव्या घालायची आणि चालू झालं की विसरून जायची गोष्ट. ते खोलीपर्यंत कसं येतं याची फिकीर आपण करत नाही. मीही करत नव्हतो. पण गेल्या जूनमध्ये सुट्टीला निरवांगीला गेलो तेव्हा घरी नुकतंच फायबर आलं होतं, आणि नेटवर्किंगचा पेपर ताजा असल्यामुळे माझ्या अंगात वारं शिरलं होतं. माळ्यावरचा जुना पीसी खाली काढला, दुसरं लॅन कार्ड बसवलं, लिनक्स टाकलं आणि जाहीर केलं की आता घराला फायरवॉल.

आप्पा म्हणाले, "आरं, कंपनीनं डबा लावलाय की. आता हे धूड कशाला?"

प्रश्न रास्त होता. कंपनीचा डबा, म्हणजे ओएनटी, दोन कामं करतो. फायबरमधल्या प्रकाशाचं इथरनेटमध्ये रूपांतर, हे पहिलं. दुसरं म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन करणं आणि घरातल्या सगळ्यांना एका पत्त्यामागे बसवणं, म्हणजे नॅट. त्याच्यामागे आपला राउटर तसाच जोडला तर नॅटवर नॅट बसतं आणि काही बिनसलं की दोष कुणाचा ते कळत नाही. म्हणून लाइनमनला सांगून डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घेतला. आता डबा फक्त पहिलं काम करणार, लॉगिन माझा पीसी करणार. त्याच्याकडून व्हीलॅनचा नंबरही मागून घेतला. तो चुकला की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही, आणि माणूस अर्धा दिवस पासवर्डच बदलत बसतो.

हे लॉगिन होतं पीपीपीओई नावाच्या पद्धतीनं. १९९९ सालची ही पद्धत. बीएसएनएलनं जानेवारी २००५ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड सुरू केलं तेव्हा घरोघरी हीच आली. तांबं जाऊन काच आली तरी बऱ्याच ठिकाणी ती टिकून आहे.

लॉगिन झालं, नेट चालू. मग नियम लिहिले. आतून बाहेर जाऊ द्यायचं, त्याचं उत्तर परत आत येऊ द्यायचं, बाहेरून कुणी आपणहून दार वाजवलं तर उघडायचं नाही. इथपर्यंत ठीक. पण फाजील हुशारी नडली. कुठंतरी वाचलं होतं की आयसीएमपी धोक्याचं असतं. म्हणून पिंग तेवढा ठेवला आणि आयसीएमपीचे बाकीचे सगळे संदेश, आत येणारे, बाहेर जाणारे, बंद केले.

त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचा प्रवेशाचा फॉर्म होता, शेवटचा दिवस. पान उघडत होतं, नाव-गाव भरलं जात होतं. मार्कशीट अपलोड करायला गेलं की चक्र फिरत राहायचं. "दादा, सकाळपासून हेच चाललंय," ती रडकुंडीला आली. मी साइटला दोष दिला. दुपारी आप्पांनी तिला गाडीवर बसवलं आणि वालचंदनगरला कॅफेत नेलं. तिथं पाच मिनिटांत फॉर्म गेला. म्हणजे साइट निर्दोष होती!

रात्री पिंग घेऊन बसलो. पाकिटाचे तुकडे करायचे नाहीत अशी अट घालून पाठवलं. १४६४ बाइटचं गेलं, उत्तर आलं. १४७२ चं गडप. पिंगच्या आकड्यात शीर्षकांचे २८ बाइट मिळवायचे असतात, म्हणजे १४९२ जातं आणि १५०० जात नाही. फरक आठचा. इथरनेटचं पाकीट १५०० बाइटचं. पण पीपीपीओई त्यात स्वतःचे ८ बाइट घालते, त्यामुळे आपल्या मालाला १४९२ च उरतात.

उसाच्या ट्रॉलीचं बघा. कमान ठेंगणी आहे आणि ट्रॉली चार मोळ्या जास्त भरून आली, तर कमानीपाशी उभा असलेला गडी फडात निरोप धाडतो, की पुढची ट्रॉली कमी भरा. हा निरोप म्हणजेच आयसीएमपीचा एक संदेश. मी त्या गड्याचं तोंडच बांधून ठेवलं होतं! लॅपटॉप भरलेल्या ट्रॉल्या पाठवतोय, राउटर त्या गुपचूप टाकून देतोय. लहान पानं जात होती, मार्कशीट अडकत होती ती यामुळे.

तो संदेश मोकळा केला. शिवाय नियमांत एक ओळ वाढवली. टीसीपीचं बोलणं सुरू होतानाच दोन्ही बाजूंना सांगायचं की एका खेपेत १४५२ च्या वर माल नको (१४९२ वजा शीर्षकांचे ४०). याला एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात. तयार राउटरमध्ये हे बहुधा आधीच केलेलं असतं. हातानं नियम लिहायची हौस असणाऱ्यांनी विसरू नये. बहिणीनं मला अजून माफ केलेलं नाही.

आता आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर. जुलै २०१७ मध्ये एका मालवेअरनं बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम बंद पाडले. सापडले ते कारखान्यातून आलेला 'ॲडमिन' हा पासवर्ड कधीच न बदललेले. आमच्या विहिरीवरच्या कॅमेऱ्याचाही पासवर्ड तोच होता. तो त्याच रात्री बदलला. आयपीव्ही६ मध्ये तर प्रत्येक उपकरणाला जगासमोरचा पत्ता मिळतो, नॅटचा आडोसा नसतो. तिथं दार बंद ठेवायचा नियम वेगळा लिहावाच लागतो.

तोच कॅमेरा हॉस्टेलवरून बघायचा बेत मात्र फसला. आमच्या राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ नं सुरू होतो, म्हणजे कंपनीनंच अनेक घरं एका पत्त्यामागे बसवली आहेत. पोर्ट कितीही उघडा, बाहेरून दार सापडत नाही. स्थिर पत्ता मागितला तर जादा पैसे पडतात. आप्पा म्हणाले, "मोटर चालू हाय का ते मी फोनवर सांगतो की."