एका पेशीचा निरोप

जालन्याच्या डाळिंब बागाईतदारासमोर सूत्रकृमीचं नाव काढा, मुळांवरच्या गाठी त्याच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. याच कुळातला सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स मात्र पिकाच्या वाटेला जात नाही. जेमतेम १ मिलीमीटर लांब, कुजक्या फळांवरच्या जिवाणूंवर जगणारा आणि इतका पारदर्शक की जिवंतपणीच त्याची एकेक पेशी मोजता यावी.

त्याच्या अळीच्या पोटाखाली सहा पेशी ओळीने बसलेल्या असतात. त्यांतल्या तिघींच्याच विभाजनातून २२ पेशी होतात आणि अंडी घालायचं द्वार घडतं. सहाही तितक्याच लायक असताना या तिघींची निवड कोण करतं?

केंब्रिजमध्ये ज्युडिथ किंबल यांनी लेसरच्या बारीक झोताने अळीच्या जननग्रंथीतल्या पेशी मारून पाहिल्या. १९८१ साली त्यांनी निकाल मांडला. 'नांगर पेशी' ही एकटी पेशी मारली, तर द्वार होतच नाही. तिला राखून ग्रंथीतल्या बाकीच्या मारल्या, तरी द्वार होतं. म्हणजे हुकूम तिचाच! पण तो पोचतो कसा?

उत्तर बिघडलेल्या कृमींनी दिलं. काहींना द्वारच नव्हतं. अंडी पोटातच फुटत आणि पिल्लं आईला आतून खात. काहींच्या पोटावर उलट तीन-चार उंचवटे. १९९० साली कॅलिफोर्नियात पॉल स्टर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेत रफी अरोइयन आणि सहकाऱ्यांनी द्वार नसलेल्या कृमींत बिघडलेलं लेट-२३ हे जनुक वाचलं. निघाला माणसातल्या ईजीएफ या वाढघटकाच्या ग्राहीचा भाऊबंद! दोनच वर्षांत हिल आणि स्टर्नबर्ग यांनी निरोपही पकडला: नांगर पेशीतून सुटणारा लिन-३, ईजीएफच्याच जातीचा. माणसात निरोप आणि ग्राहीची हीच साखळी बेलगाम झाली की कर्करोगाला वाट मिळते.

आता कृमीचं पोटच मोजपट्टी झालं. १९९५ साली याच साखळीतलं रास प्रथिन अतिउत्तेजित असलेल्या कृमींना एक प्रकारची रोधक संयुगं दिली, तर जादा उंचवटे कमी झाले. उलटा प्रयोगही याच पट्टीवर करता येतो. निरोप क्षीण असलेल्या कृमीला एखादं संयुग द्यायचं. अंडी बाहेर पडू लागली, तर ते निरोपाला जोर देतंय असा पहिला सुगावा लागतो. मग ते साखळीच्या कोणत्या कडीवर काम करतं, ते जनुकं बदलून तपासायचं.

अरोइयन पुढे बीटी या जिवाणूच्या विषारी प्रथिनांकडे वळले. २००२ साली जालन्याच्या महिकोच्या बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली, ती बोंडअळी मारणाऱ्या प्रथिनाच्या बळावर. त्याच कुळातलं क्राय-५बी सूत्रकृमी मारतं. ते खाऊनही न मरणारे कृमी अरोइयन यांच्या गटाने वेचले आणि त्यांच्यात काय हरवलंय ते शोधलं. हरवली होती आतड्याच्या पेशींवरची शर्करायुक्त मेदद्रव्यं. विष तिथेच चिकटतं. लेट-२३ पासूनची रीत तीच: ज्याच्यावर परिणाम होत नाही, त्या कृमीलाच कारण विचारायचं.