पाच दिवसांच्या प्लेटलेट

सौदी अरेबियातल्या हाइलचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि जानेवारीतल्या रात्री हाडं गोठवतात. रक्तपेढीतल्या प्लेटलेटच्या कपाटात मात्र बारा महिने २० ते २४ अंश. आतले ट्रे रात्रंदिवस हलत असतात.

वॉर्डला देण्याआधी मी पिशवी उजेडासमोर धरून हलकेच फिरवतो. फिकट पिवळ्या द्रवात चंदेरी झाक सरकते, रेशमी साडीवरून उजेड सरकावा तशी. निरोगी प्लेटलेट म्हणजे चपटी तबकडी, म्हणून ही झाक. गारठा लागला किंवा पिशवी बराच वेळ न हलता पडून राहिली, की त्या गोल होऊ लागतात आणि झाक जाते. अशी पिशवी मी देत नाही.

प्लेटलेटने आकार बदलायचा तो रुग्णाच्या शरीरात, रक्तवाहिनी फाटेल तिथे. तिथे भिंतीतलं कोलॅजन उघडं पडतं, वॉन विलेब्रँड फॅक्टर हे प्रथिन त्याला चिकटतं आणि वाहत्या रक्तातल्या प्लेटलेट धरून ठेवतं. दोन-तीन मायक्रॉनची ती तबकडी काटेरी पाय पसरते, रसायनं सोडून इतर प्लेटलेटना बोलावते. त्यांच्याच अंगावर थ्रॉम्बिन तयार होतं, फायब्रिनचे धागे विणले जातात, गुठळी पक्की होते. हीच गुठळी हृदयाच्या रोहिणीत झाली तर जिवावर बेतते. म्हणून हृदयाच्या रुग्णाला ॲस्पिरिन आणि प्लेटलेट कमी पडणाऱ्या ल्युकेमियाच्या रुग्णाला प्लेटलेट.

लाल पेशी फ्रीजमध्ये ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट इथे पाचच. त्यामुळे साठा करून निवांत बसता येत नाही. रमजानमध्ये दाते इफ्तारनंतर येतात, रक्तातून प्लेटलेट वेगळ्या काढणाऱ्या मशीनवर तास-दीड तास बसतात. आभार मानले की एखादा दानशूर हातिम ताईचं नाव काढतो. तो याच मुलखातला.

पावसाळ्यात गावाकडून फोन येतात. "दादा, बाबांना डेंग्यू झालाय, प्लेटलेट ४०,०००वर आल्यात. चढवायच्या का?" मी आधी विचारतो, रक्तस्राव आहे का? पोट दुखतंय का, लघवी होतेय का? रक्तस्राव नसताना नुसत्या आकड्यापायी पिशव्यांसाठी गावभर धावणाऱ्या नातेवाइकांचा मला फार कळवळा येतो. त्या वेळी बहुतेकदा गरज असते ती मोजून दिलेल्या सलाइनची आणि डॉक्टरांच्या नजरेची.

पिशवी चढवल्यावर तासाभराने पुन्हा काउंट लावतो. मोठ्या माणसात एका एसडीपीने, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर घेतलेल्या पिशवीने, साधारण ३०,००० तरी वाढायला हवेत. दोनदा वाढले नाहीत, तर रुग्णाच्या अँटिबॉडी प्लेटलेट मारताहेत का ते तपासायचं आणि जुळणाऱ्या दात्यासाठी फोन लावायला घ्यायचे.